अलिबागला निघालो, बेलापुरात थांबलो

ठाण्याहून अलिबागला गाडीने जायचं म्हणजे माझ्यासाठी नौपाडा, कळवा, ठाणे-बेलापूर रोड, पाम बीच, उरण फाटा, कळंबोली, पळस्पे आणि मग कर्नाळ्यावरून पेण. त्या रविवारी पहाटे साडेपाचला याच रस्त्याने निघालो. गाडी साडेतीनशे सीसीची, जुनी, स्पोकच्या चाकांची. मागे बायको, तिच्याही मागे कॅरियरला बांधलेली भलीमोठी बॅग. त्या दिवशी अलिबाग काही दिसलं नाही, त्यामुळे समुद्राचं वर्णन इथे सापडणार नाही, गाडीचं हँडल का थरथरत होतं याचा शोध सापडेल.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचे खड्डे चुकवत पुढे आलो. घणसोलीचा उड्डाणपूल उतरताना ॲक्सिलरेटर सोडला आणि साठ-पंचावन्नच्या दरम्यान हँडल थरथरायला लागलं. चाळीसला आलो तर सगळं शांत. खरं तर हा आजार महिनाभर जुना होता. एका गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता ‘कोनसेट गेला साहेब, बदलून टाका’ असं सांगून मोकळं केलं होतं. (कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं.) दुसऱ्याने पुढच्या शॉकअपचं तेल बदलून पैसे घेतले होते. गाडी होती तशीच.

पाम बीचला मोराज सर्कलवरून लागलो तेव्हा उजाडत होतं. असल्या तपासणीला हा रस्ता उत्तम, कारण डांबर गुळगुळीत आहे आणि पहाटे मागे कोणी नसतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी थरथरतेय की रस्ता, हेच कळत नाही. (सहाच्या पुढे सायकलवाले आणि फ्लेमिंगो बघायला थांबलेल्या गाड्या सुरू होतात, तेव्हा हे आधीच उरका.) पासष्टला नेऊन ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला बोट लावलं नाही, तरी थरथर आलीच. म्हणजे डिस्क नव्हे. डिस्क वाकडी असेल तर ब्रेक दाबल्यावरच, लिव्हरमध्ये धकधक जाणवते. मग तेच क्लच दाबून केलं, इंजिनचा संबंधच तोडला. थरथर तेवढीच. म्हणजे इंजिन आणि चेनही सुटली.

तिसऱ्या वेळी बायकोला बॅगेसकट चाणक्यच्या सिग्नलपाशी उतरवून एकटाच एक फेरी मारून आलो. थरथर निम्म्याने कमी. मागे वजन लादलं की पुढचं चाक हलकं होतं, हे वाचून माहीत होतं, पण हाताला कळलं तेव्हाच पटलं. ‘म्हणजे दोष माझा?’ असं तिने विचारलं. बॅगेचा, असं सांगितलं.

हात पूर्ण सोडून बघू नका. इंटरनेटवर सगळे हँडल सोडूनच दाखवतात. चालत्या रस्त्यावर पकड नुसती सैल करा, तळहात हँडलला टेकलेले राहू द्या, तेवढ्यातही कळतं. आणि थरथर वाढायला लागलीच तर हँडल आवळू नका, पुढचा ब्रेक दाबू नका. टाकी गुडघ्यांनी धरा, थोडं पुढे झुका आणि वेग आपोआप उतरू द्या.

थरथर नेमकी साठच्या आसपासच का यावी, हा प्रश्न मला छळत होता. बेलापूरच्या किल्ला जंक्शनपाशी, महापालिकेच्या घुमटासमोर चहा घेताना हिशोब मांडला. माझं पुढचं चाक एकोणीस इंची, टायरसकट घेर साधारण २.१ मीटर. ताशी साठला ते सेकंदाला आठ फेरे मारतं. चाकात कुठे उंचवटा असेल तर हँडलला सेकंदाला आठ टोले बसणार. आणि मोटरसायकलचं पुढचं टोक मोकळं सोडलं तर ते साधारण सेकंदाला चार ते दहा वेळा या गतीने हलतं. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. वेग उतरला की ताल चुकतो आणि झोका थांबतो. म्हणजे आता दोन गुन्हेगार शोधायचे होते, एक टोले देणारा आणि दुसरा ते टोले न जिरवणारा.

गाडी डबल स्टँडवर घेतली. बायको मागे रेलून बसली, पुढचं चाक अधांतरी झालं. चाक हाताने फिरवून टायरकडे एका जागेवरून बघत राहिलो. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. माझी रेघ व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वीतभर रिमच्या आतच गेली होती! तिथे टायर बसलेलाच नव्हता, फिरताना बारीकसा उडी घेत होता. महिन्याभरापूर्वी घोडबंदर रोडला पंक्चर काढलं होतं, आणि थरथरही महिन्याभराचीच. इतके दिवस मला हे दोन एकत्र का दिसले नाहीत, देव जाणे.

टोले देणारा सापडला होता. दुसऱ्यासाठी पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय खाली एक्सलपाशी धरून मागेपुढे ओढले. बायकोने हँडलखाली, फ्रेमच्या नळीचा वरचा सांधा असतो तिथे बोट ठेवलं होतं. ‘टिक-टिक लागतंय बोटाला.’ कोनसेट ढिला. मग हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं झालं असतं तर बेअरिंगच्या वाट्यांना खळगे पडलेत आणि कोनसेट खरंच बदलायला हवा, असं समजायचं. माझं हँडल लोण्यासारखं फिरलं. नुसता आवळायचा होता.

याच बैठकीत चाक आडवं हलवून चाकाचं बेअरिंग पाहिलं आणि स्पोकवर पाना वाजवत गेलो. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला बद्द. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, बघायला शॉकअपला पेन टेकवून चाक फिरवलं. सगळं ठीक. टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखा लागला तर टायर बदलायचीच वेळ झाली. हवाही आधीच, टायर थंड असताना पाहून घ्या. कमी हवेचा टायर थरथरीची तपासणी फसवतो.

अलिबाग रद्द केलं. बायको बॅग घेऊन बेलापूरहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला गेली, फार काही बोलली नाही. मी हळूहळू जुईनगरच्या एका पंक्चरवाल्याकडे आलो. त्याने हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं, हवा भरली. फट्ट असा आवाज झाला आणि रेघ बाहेर आली. मग हवा पुन्हा नेहमीइतकी. शंभर रुपये. थरथर तीन-चतुर्थांश तिथेच गेली.

कोनसेट शेजारच्या गॅरेजात आवळून घेतला आणि तिथे नवीच गंमत झाली. उरलेली थरथर गेली, पण कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. चालण्याच्या वेगात सरळ राहीना, सारखी डावीकडे-उजवीकडे सावरावी लागे. जास्त आवळलेल्या कोनसेटची हीच खूण. ठाण्यात नेहमीच्या मेकॅनिकने लॉकनट सोडून पाव फेराही नाही इतकं ढिलं केलं. चाक अधांतरी असताना हँडल मध्यावरून बोटाने जरासं ढकललं तर आपल्या वजनाने सावकाश बाजूला कललं पाहिजे, तेवढं घट्ट बरोबर. वायर ओढल्या गेल्या असतील तर मात्र ही परीक्षा फसते.

पुढच्या रविवारी तोच रस्ता, तीच बॅग, तीच बायको. मुद्दाम पासष्टवरून सोडून बघितलं, हँडल गप्प. कळंबोलीला पाट्या नीट बघा, एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही, त्यामुळे तो शॉर्टकट डोक्यातून काढा. पळस्प्यानंतर कर्नाळ्याच्या खिंडीतल्या वळणांत गाडी जिथे बघाल तिथे जात होती. पेणला मिसळ खाल्ली, पापड घेतले. वडखळच्या अलीकडे बायकोने खांद्यावर थाप मारून विचारलं, ‘थरथरतंय का?’

‘नाही.’

‘मग जरा जोरात घे ना, मासे संपतील.’