कोपर नसलेली मुंगी

माहेरी तुळशीकट्ट्याच्या मागे थोडी रेताड जागा आहे. तिथे काही उगवत नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही. मे महिन्यात कुरडयांचं वाळवण राखत बसले होते, तेव्हा तिथून एक मुंगी लगबगीनं चाललेली दिसली. विटकरी छाती, काळंभोर पोट, त्यावर पांढरे ठिपके आणि अंगभर लव. मखमलीच्या तुकड्यातून कातरून काढल्यासारखी. एका भोकात डोकावायची, बाहेर यायची, की लगेच दुसरं भोक.

ताटाकडे वळली म्हणून काडीनं बाजूला सारायला गेले, तर ती चक्क चिरचिरली! मुंगी ओरडलेली मी तरी ऐकली नव्हती. आई आतूनच म्हणाली, "हात नको लावूस गं, लाल आहे ना? कडकडून चावेल."

मी तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला आणि आजोबांचं पंचांग वाचायचं भिंग आणलं. मुंगीच्या मिशीला कोपर असतं. बुडाशी एक लांब पेर आणि तिथून मिशी एकदम वाकते, आपला हात वाकावा तशी. हिच्या मिशा नुसत्याच कमानीसारख्या वळलेल्या. मुंगीच्या कमरेवर एक किंवा दोन गाठी उठून दिसतात. हिच्या कमरेवर तशी एकही नाही. आणि एवढा वेळ झाला तरी मागेपुढे दुसरी कुणी नाही, रांग नाही, काही नाही. एकटीचाच कारभार.

ही गांधीलमाशीच्या गोतातली. मुटिलिडी हे तिचं कुळ, पण बोलताना सगळे मखमली मुंगीच म्हणतात. ब्रिटिश काळात बिंगहॅम नावाच्या साहेबानं भारतातल्या माश्या-मुंग्यांची जंत्री केली, तेव्हा हिला 1897च्या खंडात गांधीलमाश्या-मधमाश्यांबरोबर बसवलं. मुंग्यांचा खंड 1903चा, त्यात हिला जागा नाही.

आपल्याकडे कुणी फार मिजास करू लागलं की मुंगीला पंख फुटले म्हणतात. इथे उलटाच प्रकार. पंख नराला. मादीला ते कधी फुटतच नाहीत, पण नांगी मात्र तिच्याकडे. मुळात नांगी म्हणजे अंडी घालायच्या अवयवाचंच बदललेलं रूप, त्यामुळे नराला ती असायचा प्रश्नच नाही. नर-मादी दिसायला इतके वेगळे, की एकाच जातीच्या नवरा-बायकोला शास्त्रज्ञांनी दोन वेगळी नावं दिल्याचे घोळ झालेत. (लग्नपत्रिकेतही इतका घोळ होत नाही.)

आणि ती भोकं? जमिनीत घर करणाऱ्या माश्यांची. आतल्या कोषात बंद असलेल्या पिल्लाशेजारी ही आपलं अंडं ठेवते. अळी बाहेर आली की त्या पिल्लालाच खाते. कोकिळेला आपण उगाच नावं ठेवतो. तिचं पोर निदान कावळीच्या हातचं खातं, कावळीचं पोर खात नाही. यजमानीण तावातावानं अंगावर आली तरी हिचं कवच इतकं टणक, की नांगी सहजासहजी आत शिरत नाही.

आईचं 'चावेल' मात्र अर्धंच खरं. ही डसते. जस्टिन श्मिट नावाच्या अमेरिकन कीटकतज्ज्ञानं स्वतः डंख सोसून वेदनेची 1 ते 4 अशी प्रतवारी लावली. त्यात मधमाशी 2 वर, तिकडची एक मखमली मुंगी 3 वर. तिथल्या दुसऱ्या एका जातीचं तर नावच 'गायमारी' पडलंय. गाय मरत नाही. विष तसं सौम्य, कळ तेवढी भयंकर.

पेला उचलला. ती क्षणभरही न थांबता पुढच्या भोकाकडे गेली.

"आई, मुंगी नव्हती गं ती, गांधीलमाशी होती!"

"बरं झालं," आई दारातून म्हणाली, "आता तुझ्यामागे तो कावळा कुरडई घेऊन बसलाय, तो तरी कावळाच आहे ना, बघ एकदा भिंगातून."