शेवेच्या काट्यावर १४३ ग्रॅम

आमच्या प्रेसला लागूनच नानांचं शेवेचं दुकान आहे. परवा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी माझा फोन नानांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. काटा पाच-पाच ग्रॅमनं पुढे सरकतो, म्हणून १४५ दाखवले. खरं वजन १४३. मग भाच्याचा नवा फोन ठेवला, कव्हरसकट. २४५. नानांनी भाजीच्या जाड शेवेची एक चिमूट त्याच्या स्क्रीनवर टाकली आणि म्हणाले, "घे, आता पाव किलो झाला."

भाचा दोन दिवस बोलत नव्हता. स्क्रीनगार्डला तेल लागलं म्हणे.

माझं काम लग्नपत्रिकांचं, गाव अमळनेर. ऑफसेट बाहेरून करून घेतो, स्क्रीन प्रिंटिंग मात्र घरचं. उजव्या हातात स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), हाताला सोनेरी शाई, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. लग्नसराईत नवरीचा मामा दिवसातून चार वेळा फोन करतो: "आमचं नाव तिसऱ्या ओळीत कसं काय गेलं?" अशा वेळी डाव्या हातानं फोन काढायचा, त्याच हाताच्या अंगठ्यानं उचलायचा आणि त्याच अंगठ्यानं प्रूफ उघडून तिसरी ओळ शोधायची. माझा फोन ६९ मिलिमीटर रुंद आहे, पट्टीनं मोजलाय. अंगठा पलीकडच्या काठाला पोचतो. हल्लीच्या फोनवर पोचत नाही, मग फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि सरकवताना तो शाईच्या डब्यात पडतो. (पडलेला आहे. भाच्याचाच. आधीचा.)

फोन गूगलचा पिक्सेल ४ए. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्याकडे आला तेव्हा सेलमध्ये २९,९९९ ला घेतला. ५.८ इंची स्क्रीन, प्लास्टिकची पाठ, हेडफोनचं भोक शाबूत. त्याआधी मोटो जी होता, साडेचार इंची. २०१४ मध्ये तो घरी आणला तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "हाई पाटी शे का रे?" साडेचार इंचाला!

लहान फोन कुणी काढलेच नाहीत असं नाही. ॲपलनं ५.४ इंची आयफोन मिनी २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं काढला. २०२२ मध्ये त्याची जागा मोठ्या प्लसनं घेतली. असूसचा झेनफोन १० हा ५.९ इंची होता, २०२३ चा. पुढच्याच वर्षी त्या नावाचा फोन आला तो ६.७८ इंची. आमच्यासारखे हौशी लोक याला कंपन्यांचा डाव म्हणतात. मला तसं वाटत नाही. लोकच घेत नाहीत. घरातला टीव्ही बंद पडला तरी दुरुस्त करत नाहीत, कारण टीव्ही आता खिशात आहे, आणि टीव्ही कुणाला लहान हवा असतो? शिवाय लहान फोनात बॅटरीला जागा नाही. माझी ३१४० एमएएचची, तीही आता पाच वर्षांवर जुनी. मे महिन्यात पारा ४४ च्या वर गेला की दुपारी तीनलाच मान टाकते. अजून एक कबूल करतो. मला चाळिशी लागली आहे. फोन खिशात मावतो, पण तो वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्याला दुसरा खिसा लागतो.

ऑगस्ट २०२३ नंतर ह्या फोनचे कंपनीकडून येणारे नियमित अपडेट थांबले. फोन ठणठणीत होता. बैल चालतोय तोवर त्याला बाजार कशाला दाखवायचा? एका रात्री लॅपटॉप चार्ज करून घेतला (लाइटचा भरवसा नाही), बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होतानाचं कंपनीचं कुलूप, उघडला, फोनमधलं सगळं पुसलं जाताना बघितलं आणि लिनिएजओएस टाकलं, म्हणजे ओपन सोर्स, कोड सगळ्यांना खुला असलेलं अँड्रॉइड. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा तास नुसता घाम पुसण्यात. सकाळी फोन उठला तो नव्या अँड्रॉइडसह, त्या महिन्याच्या सुरक्षा पॅचसह.

आणि एका बँकेचं ॲप म्हणालं, तुमचा फोन सुरक्षित नाही.

गंमत बघा. वर्षभर एकही पॅच न मिळालेल्या फोनवर हेच ॲप सुखानं चालत होतं. दर महिन्याला पॅच मिळायला लागले आणि त्याला भीती वाटायला लागली. त्याला फोन किती ताजा आहे याच्याशी घेणं नाही. कंपनीचं सील शाबूत आहे का तेवढंच बघतं. भांडून उपयोग नव्हता. बँक बायकोच्या फोनवर हलवली. तेव्हापासून मी कागदाचं रीम घेतलं तरी त्याचा मेसेज आधी तिला जातो. "आज परत सोनेरी शाई?" ओपन सोर्सचा हा परिणाम मला कुणी आधी सांगितला नव्हता.

आता दुकानातल्या कॉम्प्युटरचं. पत्रिकेतला सगळ्यात अवघड शब्द कोणता, सांगा बरं. "सोयऱ्यांना." कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं ही इंग्रजी कळांवर चढवलेली चित्रं असायची. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नवरदेवाच्या नावाजागी इंग्रजी कचरा. पुढे गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या अक्षरांत, मजकूर पाठवायला लागली. तो कन्व्हर्टरमधून त्या फॉन्टमध्ये न्यायचा, आणि तिथे "सोयऱ्यांना"चं व्हायचं "सोयर्यांना". य च्या डोक्यावर रफार. एका वैशाखात अशा चारशे पत्रिका छापून वाटून झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, एक निवृत्त मराठीचे सर सोडून. ते लग्नाला गेले, पंगतीत जेवले, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन माझ्या दुकानात आले. लाल पेननं गोल केलेला.

त्याच वर्षी दिवाळीत त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल गेलं. यूएसबीत खोचायचं कुलूप असतं ना, ते. कंपनीचं नाव घेत नाही. उत्तर आलं, नवीन घ्या. फायली माझ्या, त्यातली नावं माझ्या गिऱ्हाइकांची, आणि उघडायची परवानगी त्यांच्या किल्लीत. डिझाइनचं सॉफ्टवेअरही माझ्याकडे होतं, क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवायचं. खोटं कशाला बोलू.

मग विंडोजच्या जागी चालणारं खुलं लिनक्स मिंट टाकलं, त्यावर इंकस्केप हे डिझाइनचं खुलं सॉफ्टवेअर. "सोयऱ्यांना" टाइप केलं आणि र ची ती आडवी चंद्रकोर आपोआप य च्या पोटाला जाऊन चिकटली. मी खुर्ची मागे घेऊन नुसता बघत बसलो. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, सगळीकडे अक्षरं जुळवायला तीच आहे. म्हणजे ही ओळ तुम्ही वाचताय त्यातला "ऱ्य" बहुतेक तिनंच जुळवलाय. फॉन्टही खुले मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू आहेत, आणि टिरो देवनागरी मराठी आहे, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. पत्रिकेवर हिंदी वळणाचा ल आला की मला शेवभाजीत साखर पडल्यासारखं होतं.

सगळं गोड नाही. इंकस्केप मुळात स्क्रीनच्या रंगांत विचार करतं आणि ऑफसेटला चार शाईंचं गणित लागतं. पहिल्या खेपेला कुंकवाचा लाल छापून आला तो विटकरी. आता शेवटची पीडीएफ स्क्रायबस ह्या पानं जुळवायच्या खुल्या सॉफ्टवेअरमधून काढतो. एक पायरी वाढली. जोडीदार छापखानेवाले हसतात. हसू देत. परवान्याची तपासणी आली अशी अफवा उठली की शटर त्यांची खाली येतात.

तसं आमच्या गावाचं सॉफ्टवेअरशी नातं जुनं आहे. १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाची गिरणी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. गावात कुणाकडे तेव्हाचे शेअर निघतात, कुणी ते जपून कोट्यधीश झालं. आमच्या आजोबांनी त्यांचा साबण घेतला.

ओपन सोर्समधल्या "फोर्क"ला (एकाचा कोड घेऊन त्यातून दुसरं सॉफ्टवेअर काढणं) मराठी शब्द काय, असा एकदा विचार करत होतो. रावेर-यावलकडे केळीच्या बुंध्याशी जे नवं कोंब फुटतं त्याला पील म्हणतात. मूळ तेच, झाड वेगळं. आई कापली तरी पील वाढतं. २०१० मध्ये ओपनऑफिसच्या बुंध्याशी लिब्रेऑफिस फुटलं, ते पीलच. सायनोजेनमॉड नावाचं खुलं अँड्रॉइड २०१६ मध्ये आडवं झालं आणि लिनिएजओएस उभं राहिलं, तेही पील.

आणि मालेगावचा शोले? तेही पील. नासिर शेख हे आमच्याच धंद्याच्या शेजारचे, लग्नाचं शूटिंग करणारे. त्यांनी २००० मध्ये पॉवरलूमवर राबणारी पोरं घेऊन शोले आपल्या बोलीत परत काढला. सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. शोलेला जीपीएल लायसन्स (घ्या, बदला, वाटा अशी मुभा देणारं) नव्हतं, हे मान्य. पण माणसं हसली ती आपल्याच गल्लीतला माणूस आपल्याच तोंडातलं बोलतो म्हणून. पुढे त्या मंडळींवर माहितीपट झाला, हिंदीत मोठा सिनेमा झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला. तो चांगला आहे. मला तरी हँडीकॅमवालं जास्त आवडतं. व्हीएलसी ह्या खुल्या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावतो. त्याचं चिन्ह रस्त्यावरचा नारिंगी शंकू आहे, कारण ते ज्या पोरांनी पॅरिसच्या कॉलेजात लिहायला घेतलं त्यांना असे शंकू उचलून आणायचा नाद होता. आमच्या कॉलेजातही पोरं असंच काहीबाही उचलायची. सॉफ्टवेअर तेवढं राहून गेलं.

वेबसीरिज मला झेपत नाहीत. दोन तासांचा ऐवज आठ भागांत ताणलेला, आणि सगळे अंधारात पुटपुटतात. त्यापेक्षा यूट्यूबवरची अहिराणी गाणी बरी. निम्म्यांचा ठेका एकच आहे, हे खरं. डीजेवर लावली की काळीज हलतं, ते काही कौतुकानं नाही. पण हळदीत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचतात आणि एकीलाही शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही.

मागच्या आठवड्यात अशाच एका हळदीच्या बॅनरसाठी पोरगा आला. वर गाण्याची एक ओळ हवी होती, "एकदम डॅशिंग". मी बालूत लावून दाखवली. त्याला आवडली.

"भाऊ, फॉन्ट कितलाना शे?"

"फुकट आहे."

त्याचं तोंड पडलं. "फुकटना? मंग दुसरा दखाड ना."

मी मेनू खाली-वर केला, दोन मिनिटं शोधल्यासारखं केलं आणि तोच बालू एक्स्ट्रा बोल्ड करून आणला.

"हां," तो म्हणाला, "हाऊ भारी शे."