"ताई, फॉर्मलिन टाकून देतो, दोन मिनिटांचं काम"

आईच्या पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने आमचं अर्धं वर्ष खाल्लं. 14 दिवस दोन-दोन अँटिबायोटिक्स घेऊनही तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "आता अंदाजाने औषध नको. पुन्हा दुर्बीण घालून जठराच्या अस्तराचे तुकडे पीसीआरला, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या तपासणीला पाठवू." या जंतूच्या 23 एस आरआरएनए जनुकात ठरावीक जागचं एक अक्षर बदललं, तरी त्या दोनपैकी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला पकड मिळत नाही. तो बदल पीसीआरमध्ये दिसतो. जंतू वाढवूनही औषध तपासता येतं, पण त्याला कमी ऑक्सिजन लागतो, दिवस जातात आणि कित्येकदा तो वाढतच नाही.

परळला एंडोस्कोपी झाली. सिस्टरनी दोन बाटल्या हातात दिल्या. एक फॉर्मलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनाची, ती तिथल्याच पॅथॉलॉजीत दिली. दुसरीत सलाइन आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे. "ही गार ठेवा, आजच पोचवा." आईपाशी भावाला बसवलं आणि मी दादरला लॅबच्या कलेक्शन सेंटरला गेले.

काउंटरवरच्या मुलाने बाटली उजेडात धरली. "यात फॉर्मलिन नाही."

"नकोच आहे. पीसीआर आहे."

"बायोप्सीला फॉर्मलिन लागतं. त्याशिवाय एंट्रीच होत नाही." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरंच, बायोप्सी निवडलं की पुढच्या चौकटीत फॉर्मलिन आपोआप येत होतं. मग तो शांतपणे उठला, कपाटातून मोठी बाटली काढली आणि झाकण फिरवत म्हणाला, "ताई, टाकून देतो, दोन मिनिटांचं काम."

मी बाटलीवर तळहात ठेवला. फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे पडतात. तशा नमुन्यावरही कधीकधी चाचणी होते, पण फसली तर आईच्या घशात तिसऱ्यांदा नळी कोण घालणार? मुलगा वाईट नव्हता, पण त्याचा विश्वास स्क्रीनवर होता. मेन लॅबला फोन लाव म्हटलं, तर तिथे लंच टाइम. मग फॉर्मवर डॉक्टरांचा शिक्का पुसट आहे, हे नव्याने निघालं. दीड तास गेला. आइसपॅक पार पाणी झाला होता. बाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडून 20 रुपयांचा बर्फ घेतला, पिशवीत बांधला आणि थर्मोकोलच्या डब्यात बाटलीभोवती लावला. रसवाल्याने एकही फॉर्म मागितला नाही.

शेवटी मेन लॅबच्या मॅडम फोनवर आल्या आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "'इतर' निवड आणि शेऱ्यात सलाइन लिही." बस्स, एवढंच! पावती हातात पडली तेव्हा तीन वाजून गेले होते. मी फार तिखट बोलले त्या मुलाशी, कबूल आहे.

म्हणून सांगते: दुर्बिणीच्या आदल्या दिवशीच मेन लॅबला फोन करा. पीसीआरसाठी तुकडा कशात हवा ते विचारा, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि काउंटरवर तेच दाखवा. काही ठिकाणी शौचाच्या नमुन्यावरही ही चाचणी होते, तेही विचारा. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

रिपोर्टमध्ये ए2143जी हा क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा बदल निघाला. म्हणजे पहिला कोर्स फुकटच गेला होता. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि अ‍ॅसिडिटीची गोळी, असे नवे 14 दिवस. आई वैतागली, पण तिने एकही गोळी चुकवली नाही. नंतर श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. ती कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबूनच करायची आणि त्याआधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून अ‍ॅसिडिटीची गोळी बंद ठेवायची, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. शेजारच्या काकांनी सुचवलेल्या रक्ताच्या अँटिबॉडी टेस्टवर पैसे घालू नका, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येत राहते.

आणि हो, बिस्मथने शौचाला काळी होते. हे आधी माहीत असतं, तर त्या रविवारी पहाटे आईने अख्ख्या घराला उठवलं नसतं.