महादजींचा पाय आणि दगडफोड्यांची छाती

पानिपताच्या रणातून महादजी शिंदे जिवंत परतले, ते एक पाय कायमचा अधू होऊन. जानेवारी 1761 मधील त्या पळापळीत एका अफगाण स्वाराने त्यांना गाठून पायावर वार केला आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले, ही हकिकत ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुले लहानपणीच ऐकतात. क्ष-किरणशास्त्र शिकू लागल्यावर मात्र ती मला वेगळीच दिसू लागली. त्या वाराने सांधा आखडला, हाड मोडून वाकडे जुळले, की केवळ स्नायुबंध तुटला? त्या पायानिशी महादजींनी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ राजकारण आणि मोहिमा चालवल्या, त्यामुळे हाडात सतत पू धरणारी जखम राहिली नसावी असे मला वाटते. याहून पुढे मी जात नाही. 1794 साली वानवडीला त्यांचे निधन आणि दहन झाले. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते त्यानंतर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर 1895 मध्ये.

फिल्मवर दिसते तेवढेच रिपोर्टमध्ये लिहावे, हा आमच्या कामाचा दंडक इतिहासालाही लागू आहे असे मी मानते. 1968 साली प्राचीन इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या ममीचा एक्स-रे काढला तेव्हा कवटीत हाडाचे तुकडे दिसले, आणि डोक्यात घाव घालून त्याचा खून झाल्याच्या कथेला त्यातून बळ मिळाले. 2005 च्या सीटी स्कॅनमध्ये अशा घावाचा पुरावा आढळला नाही. उलट, 1991 मध्ये आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या शवाच्या डाव्या खांद्यात बाणाचे टोक रुतले आहे, हे 2001 पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

डार्क रूममध्ये डेव्हलपरच्या वासात उभे राहून ओल्या फिल्म पाहण्यापासून संगणकाच्या पडद्यावर सीटी वाचण्यापर्यंत माझी सारी नोकरी रुग्णालयात गेली. इतिहासाचे वाचन रात्री आणि सुटीच्या दिवशी होत असे. त्या वाचनात कळले की वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिशांच्या 1897-98 च्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाच्या लष्करी शल्यचिकित्सकाने जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी क्ष-किरण वापरले होते, आणि त्याच मोहिमेत ग्वाल्हेर संस्थानाचे वाहतूक दलही होते. माझा विषय आणि माझे गाव एकाच डोंगरी मुलखात इतक्या लवकर शेजारी आले होते, याचा आनंद मला आजही होतो.

तरीही या शहराच्या इतिहासाचा सर्वांत मोठा भाग मला ग्रंथांत नव्हे, छातीच्या एक्स-रेमध्ये दिसला. आसपासच्या दगडखाणींत काम केलेली माणसे खोकला आणि धाप घेऊन येत. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी आणि काहींच्या लसिकाग्रंथींभोवती अंड्याच्या कवचासारखी कॅल्शियमची कडा, हे सिलिकोसिसचे चित्र असते. दगडाच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठते, व्रण धरतात, आणि ते भरून येत नाहीत. हा आजार क्षयरोगासारखा दिसतो, त्यात क्षयाची लागणही सहज होते, त्यामुळे अनेकांच्या हाती क्षयाच्या औषधांचीच जुनी कागदपत्रे असत. किल्ल्यावरचा मानसिंह तोमरांचा महाल पाहताना राजाचे नाव आणि कारकीर्द, 1486 ते 1516, आपल्याला सांगता येते. त्याचा दगड घडवणाऱ्यांना किती वर्षे श्वास पुरला, हे कोणत्याही शिलालेखात नाही. त्यांचा आजार आजच्या पाथरवटांपेक्षा वेगळा असण्याचे कारण मला दिसत नाही, कारण दगड तोच आणि छिन्नीने उडणारी धूळही तीच.

एक्स-रेच्या अर्जावर व्यवसायाचा रकाना बहुधा रिकामा येतो किंवा त्यात नुसते ‘मजूर’ लिहिलेले असते. निवासी डॉक्टरांना मी तो अर्ज परत करते आणि रुग्ण कोणत्या खाणीत, कोणते काम, किती वर्षे करत होता हे विचारून लिहून आणायला सांगते. मगच रिपोर्टवर सही करते.