धरणी लागली

मासे धरायला निवतीच्या वाळूवरून होडी पाण्यात ढकलली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, पाठीशी होता आणि तिथी होती अष्टमी. ती काकांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या आमच्या तांडेलांनी निवडलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याची ओढ कमी, म्हणून गरीचं, म्हणजे गळाचं, वजन सरळ तळाला जातं. मावसभावाने मोबाइलवर हवामान बघून रविवार ठरवला होता. काकांनी तो एका शब्दात मोडीत काढला आणि मला बुधवारची रजा टाकावी लागली.

उजाडलं तेव्हा समुद्रातल्या खडकांवरचं दीपगृह समोर होतं. भोवती पाकोळ्यांची धांदल. काका एकदा दीपगृहाकडे, एकदा मागे किनाऱ्यावरच्या डोंगराकडे बघत सुकाणू हलवत होते. दोन्ही खुणा मनासारख्या जुळल्यावर इंजिन बंद केलं. "तेरा वाव." भावाच्या खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर चोवीस मीटर आले. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, सुमारे सहा फूट. हिशेब जमतोय हे बघून भावाचा चेहरा थोडा पडला.

नांगर टाकायचा नव्हता. होडी खडपावरून, म्हणजे पाण्याखालच्या खडकावरून, वाहू द्यायची, पुढे गेली की परत मागे आणायची. मी जिग सोडला. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा, चकचकीत रंगवलेला दीडशे ग्रॅमचा धातूचा तुकडा. तो तळाला टेकला की रॉडला वर हिसका द्यायचा, रीळ अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा हिसका, पुन्हा अर्धा फेरा. जखमी माशाचं सोंग. मासा बहुतेक वेळा जिग खाली पडताना त्यावर झडप घालतो, म्हणून हिसक्यानंतर हात सैल सोडायला धीर लागतो. माझ्याकडे तो नव्हता.

"लागला!" मी ओरडलो. रॉड कमानीसारखा वाकला. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मासो नाय रे तो. धरणी लागली तुका."

पहिल्या तासात मी पृथ्वी चार वेळा पकडली. दोन जिग तिने ठेवून घेतले, साडेसातशे रुपयांचे. खांदे भरून आले. मासे शनिवारी बाजारात जाऊन विकत घेता येतात, हा विचारही आला.

काकांची स्वतःची गरी साधी होती: जाड दोर, शिसं, आमिषाला माकुलचा (स्क्विडसारख्या माशाचा) तुकडा. दोर तर्जनीवरून सोडलेला, डोळे भलतीकडेच. त्यांनी फुकट दिलेला सल्ला एवढाच, की खडक नुसता ओढतो, मासा मान हलवतो. पुढचा अर्धा तास मी तेवढंच शोधत होतो. मग एकदा जिग पडता पडता मध्येच थांबला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ठाम नकार द्यावा तसे तीन झटके आले. मान! पहिले दोन-तीन वाव जीव खाऊन ओढायचे, नाहीतर तो कपारीत शिरतो, मग पुन्हा धरणीच. वर आली ती तांबोशी, लाल रंगाचा मासा, तीन किलोच्या पुढची. खोलवर लाल प्रकाश पोचत नाही, त्यामुळे ही तिथे करडीच दिसत असणार. हा कुंकवासारखा रंग तिला फक्त आमच्या होडीत आला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. फार नाही.

दुपारपर्यंत चार तांबोश्या, दोन कोकर मासे आणि एक गोबरा, म्हणजे ग्रूपर. दुसरा गोबरा वीतभराचा होता, तो काकांनी परत सोडला. "वाढांदे." गोबरे बहुतेक मादी म्हणून जगायला लागतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, म्हणजे लहान उचलले तर माद्याच जातात, नुसते मोठे उचलले तर नर उरत नाहीत. काकांना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि तो मोठा गोबरा आमच्या बर्फात होताच.

समुद्राकडून खारा वारा सुटला तसे परतलो. काकांचा वाटा काढून मावशीकडे पोचलो, तर तिने गोबऱ्याचं डोकं आधी कालवणासाठी बाजूला ठेवलं आणि मग "किती मिळाले?" विचारलं.

रात्री झोपेत माझ्या हाताने हिसका मारला असावा, कारण मी जागा झालो तो कोपर भिंतीवर आपटून. अंधारातून भावाचा आवाज आला, "धरणी लागली."