घुमट्याचा डावा हात

शाळेच्या अंकाच्या संपादक मंडळाचा निरोप आला, 'तुमच्या बॅचविषयी दोन पानं लिहून द्या.' खरं सांगायचं तर आमच्या बॅचविषयी दोन पानं भरणार नाहीत. १९८४ साली दहावी झालेले आम्ही. बोर्डात कुणी आलं नाही, मंत्री कुणी झालं नाही. पण शाळेच्या सरस्वती पूजनाला जे घुमट, आपलं गोव्याचं मातीचं तालवाद्य, वाजायचं, ते आमच्या वर्गातलं वाजायचं, आणि तसं घुमट मी त्यानंतर फार थोड्यांच्या हातून ऐकलं. तो वाजवणारा गेल्या वर्षी आषाढात गेला. त्याचं पूर्ण नाव याच अंकात दिवंगत विद्यार्थ्यांच्या यादीत आहे. मी मात्र वर्गातल्या नावानंच लिहितो. घुमट्या. हजेरीची वेळ सोडली तर सरसुद्धा त्याला याच नावानं हाक मारायचे.

मी शामेळ हे घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य वाजवायचो. दोन काठ्या घेऊन लय धरून ठेवायची, एवढंच काम. त्यामुळे आरतीभर मी त्याच्या डाव्या अंगाला उभा असायचो, आणि त्याचा डावा हात माझ्याइतका जवळून कुणीच पाहिलेला नाही.

हल्लीच्या मुलांना घुमट दिसतं ते बहुधा सरकारी कार्यक्रमाच्या व्यासपीठावर, म्हणून थोडं सांगतो. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं. मोठ्या तोंडावर चामडं आवळलेलं, लहान तोंड मोकळं. दोरी गळ्यात. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि लोक त्या बोटांकडेच बघतात, कारण ती वेगानं नाचतात. पण नाद घडतो तो मोकळ्या तोंडावरच्या डाव्या तळव्यामुळे. तळवा झाकला की आवाज कोंडतो, सोडला की घुमतो, हळूहळू सरकवला की मडकं हुंकार भरतं. जोरजोरात बडवणारे आमच्या वाड्यावर पुष्कळ होते. डावा हात असलेला हा एकच.

सुरुवातीला 'सुखकर्ता दुःखहर्ता' संथ चालायची. पुढे 'लवथवती विक्राळा'पर्यंत सगळ्यांच्या अंगात यायचं. कासाळेवाला, म्हणजे झांज वाजवणारा, पुढे पळायचा, त्याच्यामागे मी, माझ्यामागे बाकीची घुमटं. घुमट्या पळायचा नाही. ओळ संपायच्या बेतात असली की तो उजवा हात उचलून घ्यायचा, आणि डाव्या तळव्यानं मोकळ्या तोंडावर एकच दबका ठोका द्यायचा. चामड्याला हात न लावता मडक्याच्या पोटातून 'धुम्म' असा आवाज निघायचा. तेवढ्या जागेत आम्ही सगळे परत ओळीवर यायचो. एकदा मी त्याला विचारलं, तिथे हात का थांबवतोस, लोकांना वाटतं तू चुकलास. तर म्हणाला, "गाणारे आजोबा आहेत रे. त्यांना दम घ्यायला जागा नको?" हे वय वर्षं चौदा. मी पुढे संगीताचं थोडंफार शिकलो, साथसंगतीवर व्याख्यानंही ऐकली; यापेक्षा कामाचं वाक्य त्यात सापडलं नाही.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबा वाजवायचे, तो त्यांच्या मांडीपाशी बसून ऐकायचा. शाळेत आम्हांला संगीताचा तास होता, पण तो पेटीचा आणि समूहगीतांचा. घुमट तेव्हा 'शिकवायची' गोष्ट नव्हतीच.

आता चामड्याविषयी, कारण त्यावरून आमच्या आरतीच्या मंडळात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरून कधी झाली नाहीत. जुनी घुमटं घोरपडीच्या चामड्याची. पातळ, चिवट, आवाज खणखणीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पूर्ण संरक्षण मिळालं, पण आमच्या लहानपणी गावात त्याची कुणाला फिकीर नव्हती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की चामडं कुठून तरी यायचंच. पुढे वनखात्यानं डोळे वटारले आणि बकऱ्याच्या चामड्यावर यावं लागलं. जुनी मंडळी हळहळली. 'आता घुमट मेलं' असं मीसुद्धा म्हणत होतो, आणि बकऱ्याचं घुमट ऐकलं की आजही माझा कान क्षणभर जुना आवाज शोधतोच. घुमट्याला मात्र हळहळायला वेळ नव्हता. तो खाटकाकडे जाऊन बसायला लागला.

त्याचं म्हणणं, पाठीकडचं चामडं जाड, त्यानं आवाज बसतो. पोटाकडचं पातळ, ते घ्यायचं. केस काढून आतल्या बाजूनं इतकं खरवडायचा की उजेडाला धरलं तर पलीकडची बोटं दिसावीत. मग भिजवून मडक्याच्या काठावर ओढायचं, काठाखाली दोरीचे घट्ट वेढे द्यायचे आणि सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, उन्हात ते एका बाजूनं आधी आवळतं. मडकी डिचोलीच्या कुंभारांकडून आणायचा. दुकानात उभं राहून प्रत्येक मडक्यावर टिचकी मारून कान लावायचा. कुंभार कंटाळून आत निघून जायचा. घोरपडीचा आवाज त्यातून आला का? नाही आला. पण त्याच्या डाव्या हाताला पुरेल इतका आला, आणि उरलेलं काम तळव्यानं केलं.

चवथ येते भर पावसात. दमट हवेनं चामडं सैल पडतं, म्हणून आरतीआधी घुमट शेकायचं. बाकीचे चुलीपाशी नेऊन ठेवायचे आणि विसरायचे. तडकलेली चामडी मी बरीच पाहिली आहेत. हा घुमट पोटाशी धरून चुलीसमोर बसायचा आणि मधूनमधून बोटानं वाजवून बघायचा. घरातल्या बायका नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत असायच्या, त्यांना त्याची अडचण व्हायची. पण नेवरी पहिली त्यालाच मिळायची.

दहावीनंतर तो खाणीच्या ट्रकांवर गेला. खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, परत खेप. रस्त्यावरच्या त्या लाल धुळीत आमच्या पिढीतल्या बऱ्याच मुलांची तरुणाई गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कर्जाचा ट्रक दारात उभा राहिला. त्या वर्षांविषयी तो कधी बोलला नाही, म्हणून मीही लिहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या काळातही केबिनमध्ये गोधडीत गुंडाळलेलं घुमट असायचं. मातीचं ते, एक दणका बसला की संपलं. म्हणून नेहमी दोन.

मधल्या काळात दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या एका गटानं त्याला साथीला बोलावलं. हा गट मांडो गायचा, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली संथ कोंकणी गाणी. व्हायोलिन आणि घुमट. आमच्या मंडळात कुणीतरी नाक मुरडलं, आरतीचं वाद्य तिकडे कशाला म्हणून. ते नाक मला तेव्हाही आवडलं नाही. घुमट हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांत पिढ्यान् पिढ्या वाजत आलंय, ते कुणा एकाच्या मालकीचं कधी नव्हतं. घुमट्या मांडोच्या संथ सहा मात्रांत इतका रमला की परत आल्यावर आमच्या आरतीची गती आणखी उतरवू पाहायला लागला. "सवकास, सवकास," असं डोळ्यांनी मला खुणावायचा. मी काठ्या आवरायचो. स्पर्धेत त्यामुळे आमचा नंबर कधी आला नाही, परीक्षकांना वेग आवडतो.

२०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्या दिवशी मी त्याला फोन केला, म्हटलं, अभिनंदन. तो म्हणाला, "बरं झालं. आता कुंभाराला सांग, मडक्याचा काठ जरा जाड ठेव. दोरी निसटते."

त्याच्या घरी तीन घुमटं आहेत. त्याच्या मुलाला वाजवण्याची आवड नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्यानं ती शाळेला द्यायचं कबूल केलं आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच, ती काचेच्या कपाटात ठेवू नयेत. एकाचं चामडं गेलेलं आहे, ते श्रावण लागायच्या आधी बदलून घ्यायला हवं, म्हणजे सरस्वती पूजनापर्यंत मुलांचा हात बसेल. चामडं चढवायला मी येईन. खरवडायचं कसं ते त्याच्या शेजारी बसून पाहिलेलं आहे. शामेळ वाजवायला मात्र कुणी तरी तरुण बघा, माझे खांदे आता साथ देत नाहीत.