गा मागितलं, बॉ आलं: हानोईत फो खायला जाणाऱ्यांसाठी

आधी कामाचं सांगतो, रडगाणं नंतर. फो म्हणजे व्हिएतनामचा तांदळाच्या नूडल्स आणि रस्श्याचा वाडगा. हानोईत ज्या दुकानाच्या पाटीवर ‘फो बॉ’ आणि ‘फो गा’ दोन्ही लिहिलेलं असेल, तिथं चिकनचा फो मागू नका. बीफ खात नसाल तर अजिबात नको. मराठी कानाला हे शब्द उलटे वाटतात. ‘गा’ ऐकलं की गाय आठवते, पण गा म्हणजे कोंबडी आणि बॉ म्हणजे गाय-बैल. अशा दुकानात वरचे तुकडे कोंबडीचे येतात. खालचा रस्सा कशाचा, ते पातेल्यात डोकावल्याशिवाय कळत नाही. आम्ही डोकावलो, पण अर्धा वाडगा पोटात गेल्यावर.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, ताई आणि दाजी. कोल्हापूरचे, त्यामुळे रस्सा या विषयात आम्हाला कुणी शिकवू नये अशी समजूत. ताई माळकरी आहे. बाकी तिघं चिकन-मटण खातो, बीफ कुणीच नाही. निघण्याआधी तीन-चार व्हिडिओ पाहिले होते आणि सगळ्यांत तेच ते: ‘फो गा मागा आणि निर्धास्त खा. शाकाहारी असाल तर खोम थित म्हणा, म्हणजे मांस नको.’ यातला एकही सल्ला पुरता खरा नाही.

रात्रभराचं विमान, सकाळी हानोई. खोली दुपारी दोनला मिळणार होती, म्हणून हॉटेलात बॅगा टाकल्या, तोंडं धुतली आणि साडेदहाला बाहेर पडलो. पहिली चूक इथंच झाली. फो ही मुळात न्याहारी आहे. चांगली दुकानं सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि पातेल्याचा तळ दिसला की बंद होतात. काही पुन्हा संध्याकाळी उघडतात. हॉटेलातल्या पोरानं नकाशावर फक्त चिकनच्या फोचं एक दुकान दाखवलं होतं. तिथं पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि एक बाई फरशीवर पाणी ओतून खराट्यानं झाडत होती.

हॉटेल ते हे दुकान जेमतेम सहाशे मीटर. या सहाशे मीटरबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या हानोईच्या गल्ल्यांत फूटपाथ आहेत, पण ते चालायला नाहीत. तिथं स्कूटरी लावलेल्या, त्यांच्या पलीकडे शेगड्या, त्यांच्या पलीकडे स्टुलं. आपण चालायचं रस्त्याच्या कडेनं, पाठीमागून स्कूटरींचा लोंढा. रस्ता ओलांडायची पद्धत एकच: पाऊल टाकलं की थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं तर फिरायचंच नाही. एका चालीनं गेलं की ते आपल्याला वळसा घालतात. दाजी मधेच थांबले आणि जागीच गोल फिरले. मी ट्रेकला बरेच अवघड पॅच पाहिलेत. या रस्त्याला त्याच यादीत टाकतो. गुडघे धड असतील असं गृहीत धरतोय, कारण पोचल्यावरही आराम नाही. प्लॅस्टिकची स्टुलं वीतभर उंचीची असतात, म्हणजे जवळजवळ उकिडवंच बसायचं. चॉपस्टिक धरायला घरूनच शिकून जा, तिथं पहिल्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

उपाशी माणूस समोर येईल तिथं बसतो. आम्ही बसलो ते दुकान तळ्याजवळ, पर्यटकांच्या गल्लीत. फोटोंचा मेनू, दारात उभा राहून बोलावणारा पोरगा. पाटीवर दोन्ही नावं. आम्ही तीन गा सांगितले आणि ताईसाठी ‘खोम थित’ असं ठणकावून सांगितलं. पोरानं मान डोलावली. पाच मिनिटांत चार वाडगे समोर.

ताईनं दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या, पातीचा कांदा, कोथिंबीर. मांस नव्हतं. पण वर बारीक सोनेरी तवंग होता, मोहरीएवढे गोल गोल, चमच्यानं हलवले की फुटायचे आणि परत जुळायचे. ती म्हणाली, ‘बाळ, हे तेल न्हवं. ही चरबी हाय.’

मी उठून पातेल्याकडे गेलो. एकच पातेलं, कमरेएवढं. त्यात माझ्या मनगटाहून जाड नळ्या. कोंबडीचं हाड एवढं कधी होईल? मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, ‘हे पाणी कशाचं?’ पोरगा खूश झाला, वाटलं मी कौतुक करतोय. ‘बॉ! बॉ!’ म्हणाला आणि अंगठा दाखवला. बायकोनं काही न बोलता वाडगा पुढं सरकवला, बाहेर जाऊन चूळ भरली आणि दिवसभर केळ्यांवर काढलं. ताईनं तर केळंही नको म्हटलं.

पोराची चूक नव्हती, हे आता कबूल करतो. ‘खोम थित’ म्हणजे ‘मांस नको’ आणि त्यानं मांस घातलं नव्हतं. बिनमांसाच्या फोला तिकडं एक जुनं नाव आहे: ‘बिनपायलटचा फो’. अमेरिकेशी युद्ध चालू असताना सरकारी खानावळींत मांसाची टंचाई होती, त्यामुळे नुसत्या नूडल्स आणि रस्सा मिळायचा. आकाशात अमेरिकेची बिनपायलटची टेहळणी विमानं फिरायची, त्यावरून लोकांनी हे नाव पाडलं. आमच्या ताईनं ठणकावून बिनपायलटचा फो मागवला होता. पायलट नव्हता, विमान तेच होतं.

मग बिल. बोर्डवर वाडगा ९०,००० डोंग होता, तो मान्य. चार वाडग्यांचे ३,६०,०००. बशीभर तळलेल्या कणकेच्या कांड्या न मागता दोनदा येऊन बसल्या होत्या. त्यांना क्वाय म्हणतात, रस्श्यात बुडवून खायच्या. त्या वीस-वीस हजार. बर्फाचा चहा दहा हजार प्रत्येकी. आणि प्लॅस्टिकच्या पुडीतला ओला रुमाल, जो आम्ही ‘काय पाहुणचार’ म्हणत फाडून घामेजलेल्या तोंडावरून फिरवला होता, तो पाच हजार प्रत्येकी. एकूण ४,६०,०००, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर, न खाल्लेल्या जेवणाचे. नंतर कळलं की रुमालाचे पैसे व्हिएतनाममध्ये बहुतेक ठिकाणी घेतात, ती फसवणूक नाही. पुडी फाडली की विकत घेतली. फाडू नका, बाजूला सरकवा. क्वायचंही तसंच, हात लावला नाही तर बिलात येत नाही.

हिशेब सोपा: साधारण ३०० डोंगला एक रुपया. शेवटची दोन शून्यं झाकायची आणि तीननं भागायचं. ६०,००० म्हणजे ६००, म्हणजे दोनशे रुपये. गल्लीतल्या साध्या दुकानात वाडगा ५० ते ७० हजारांत मिळतो. त्याच्या वर गेलं की तुम्ही खुर्चीचे आणि इंग्रजी मेनूचे पैसे देताय.

आणि नोटा. २०,००० ची नोट निळी. ५,००,००० ची नोटही निळीच. दोन्हींवर हो ची मिन्ह. दाजींनी पहिल्याच दिवशी कुठंतरी वीस हजारांच्या जागी पाच लाखांची दिली. रात्री पैसे मोजताना कळलं. कुणाला दिली ते आठवेना. नारळवाला होता, सिमकार्डवाला होता, टॅक्सी होती. सोळाशे रुपये गेले. मोठी नोट जरा लांब असते, पण घाईत ते कोण बघतो? पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, एवढाच इलाज.

हालाँगच्या खाडीत दोन दिवस बोटीवर काढले, निन्ह बिन्हला एक. छान झालं, सगळं पॅकेजमध्ये होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खाडीवरून परतल्यावर मी सूड घेतल्यासारखा सकाळी सहाला उठलो. यावेळी फक्त चिकनचं दुकान. ओळखायचं कसं? पाटीवर रोमन ‘जी’ आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’, आणि ‘बी’वाला शब्द कुठंच नाही. काचेच्या कपाटात उकडलेल्या पिवळ्याधम्मक कोंबड्या ओळीनं टांगलेल्या. फू झ्वान रस्त्यावरचं ‘फो गा न्गुएत’ हे त्यातलं नावाजलेलं. २०२३ साली मिशेलिन या हॉटेलं निवडणाऱ्या मार्गदर्शिकेनं व्हिएतनाममध्ये पहिल्यांदा यादी काढली, त्यात त्यांना बिब गुरमाँ, म्हणजे माफक दरात चांगलं खाणं देणाऱ्यांचा मान, मिळाला. आम्ही मात्र हॉटेलजवळच्याच, पहिल्या दिवशी शटर पडलेल्या दुकानात गेलो. तीच बाई. तरी आधी पातेलं बघितलं. चिकनच्या रस्श्यात काही जण डुकराची हाडंही घालतात, ते चालत नसेल तर तेही विचारून घ्या. आम्ही विचारलं. नव्हती.

आणि तो फो! बायकोनं वाडगा उचलून शेवटचा घोट प्यायला. आपल्या पांढऱ्या रस्श्याशी तुलना करायची माझी फार इच्छा होती, पण जमत नाही. इथं दाटपणा काहीच नाही, पाण्यासारखा स्वच्छ, तळाची नक्षी दिसते. तरी चव खोल जाते. दालचिनी, चक्रीफूल, मसाला वेलदोड्यासारखी एक काळी मोठी वेलची हे मसाले प्रामुख्यानं बीफच्या फोत. चिकनमध्ये हात हलका. पण कांदा आणि आलं दोन्हीकडं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजतात. ते बघून मला घरची चूल आठवली. आपण भाजलेला कांदा वाटणात घालतो. ते वाटत नाहीत, काळी साल काढून अख्खाच पातेल्यात सोडतात आणि तासन्‌तास मंद उकळी. वरून लिंबाच्या पानांचा केसाएवढा बारीक चिरलेला तुरा. बायकोच्या वाडग्यात कोंबडीच्या पोटातली, कवच न आलेली अंडी होती, गोटीएवढी पिवळी. ती तिनं मला दिली नाहीत.

एक हट्ट सोडा. व्हिडिओत दिसणारी तुळशीसारख्या पानांची आणि मोड आलेल्या मुगाची भरलेली थाळी हानोईत मागू नका. ती दक्षिणेची, सायगावची रीत. फो उत्तरेचा, हानोई आणि नाम दिन्हचा. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाल्यावर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेला गेले, फो त्यांच्याबरोबर गेला आणि तिकडं त्यात पाला, साखर, सॉस असं काय काय आलं. हानोईत टेबलावर लसणीचं व्हिनेगर, मिरचीचा सॉस, लिंबू, बस. मी थाळी मागितली तेव्हा बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मिसळीवर कुणी चीज मागितल्यावर आमच्याकडं बघतात. आधी नुसता रस्सा चाखायचा, मग व्हिनेगर. आल्या आल्या सॉस ओतणं हा अपमान समजा.

बीफ खाणाऱ्यांना माझ्याकडून फार मदत नाही. ४९ बात दानच्या प्रसिद्ध दुकानाची रांग बाहेरून बघितली. तिथं रांगेत उभं राहायचं, आधी पैसे, मग आपला वाडगा आपणच उचलून जागा शोधायची. गरम वाडगा दोन्ही हातांत धरून, कोपरं बाहेर काढून लोक खेकड्यासारखे सरकत होते. सेवा नाही, हसणं नाही, रांग मात्र संपत नाही. मला ते दारात बोलावणाऱ्या पोरापेक्षा जास्त विश्वासाचं वाटलं.

आता ताईचं. शाकाहारी लोकांनी ‘खोम थित’ विसरून एकच शब्द पाठ करावा: चय. कानाला अगदी ‘चाय’च वाटतो. रोमन सी, एच, ए, वाय, वर कसलीही खूण नाही. हा शब्द पाटीवर असेल तर ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी दुकान. रस्सा मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि अळिंबीचा, फिश सॉसही नाही. कांदा-लसूणही बरेच जण वर्ज्य करतात, म्हणजे ताईला चातुर्मासातही चालेल. आणि ज्याला आपण चहा म्हणतो त्याला हानोईचे लोक म्हणतात ‘चा’. म्हणजे चाय मागितला तर शाकाहारी जेवण आणि चा मागितला तर चहा. ताईला हे पहिल्या फटक्यात कळलं, दाजींना अजून नाही.

अशा एका चयच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिकडं बरेच लोक शाकाहार पाळतात, आणि आम्ही नेमके पंधराव्या तिथीला पोचलो होतो. ताईच्या कालनिर्णयात पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. त्यावर तिनं शेजारच्या आजींशी बोटांवर मोजून वाद घातला, एकमेकींची भाषा न समजता, दोघींना आपलंच बरोबर आहे अशी खात्री. अशा दिवशी जायचं तर साडेअकराच्या आत जा.

वाडगा आला. ताईनं आधी चमच्यानं वरचा थर बाजूला केला, वाकून बघितलं, वास घेतला, परत बघितलं. मग खायला लागली आणि दुसरा मागवला. पाच वाडगे, ४५,००० चा एक, चा फुकट. सव्वादोन लाख डोंग, म्हणजे साडेसातशे रुपये. ओल्या रुमालांच्या पुड्या टेबलावर होत्या तशाच राहिल्या.